गव्याचं शेण आणि माह्ये रोडगे

जठारपेठ, अकोला
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८८२

चिरंजीव सूर्यभान यास,

थोरल्या बहिणीचे, म्हणजे वच्छलाचे, पोटभर आशीर्वाद. इकडं आमी सारे खाऊन-पिऊन धड आहोत, तुमीही तिकडं तसेच असाल असं धरून चालते. तुह्या पाठीतली उसण गेली का? नसन गेली तर एरंडाचं पान तापवून बांध, सुया टोचून घेऊ नको. माणिकबाईचा गुडघा कसा आहे? कपाशी सारी वेचून झाली का? (तुरीचं विचारत नाही, तुरीचं तू दरसाल खोटं सांगतं.) आमच्या घरचे बरे आहेत. मी दहा दिवस नव्हती तर त्यायचं अंग भरलं. ते काहून भरलं हे मी सवडीनं पाहीन.

तुले गावात कोणी सांगितलं म्हणे, का वच्छला पन्नाशीत डोंगरात पळून गेली. मी पळून गेली नाही. मले नेलं, अन् कालेजच्या कागदावर सही-शिक्क्यानं नेलं. म्हणून सारं सुरुवातीपासून लिहून राहिली. मधात उठू नको, चहा आधीच पिऊन घे.

आमच्या मागच्या खोलीत तीन वर्षांपासून चारुशीलाबाई राहतात हे तुले माहीत आहे. कालेजात पोरीयले जीवशास्त्र शिकवतात. म्हणजे कोणता जीव काय खाते, कुठं झोपते, कोणाले भेते अन् किती शिल्लक राह्यले याचा अभ्यास. नागपूरले मोठी परीक्षा पास झाल्या, बाप वकील, वय चौतीस, लग्न नाही. (म्या एकदा तोंडावरच विचारलं, काहून नाही. तर म्हणाल्या, वेळ नाही मिळाला. मले ते पटलं, कारण खरंच मिळत नाही.) त्यायच्या खिडकीत सांबराची कवटी आहे, तिच्या शिंगाले लुगडं वाळत असते. मागच्या साली माह्याकडून लिंबाच्या लोणच्यासाठी काचेची बरणी नेली. म्या वापस मागितली तर म्हणाल्या, त्यात घोणस आहे. म्हटलं, मंग राहू द्या. दर रविवारी पोट्ट्यायले घेऊन जुन्या शहराच्या पलीकडं मोर्णेच्या काठी जातात, अर्धा घंटा सगळ्यायले मुकाट बसवतात अन् कानावर काय काय आलं ते वहीत लिहायले लावतात. एकदा मी गेली होती. मले विचारलं, तुमी काय ऐकलं? म्या सांगितलं, धोब्याचं आपटणं, कोणाची तरी म्हैस, अन् तुमचं घड्याळ. बाकी पोट्ट्यायले घड्याळ ऐकू आलंच नव्हतं. त्या दिवसापासून बाई माह्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या, अन् तिथंच माह्यं नशीब फिरलं.

आता मुद्द्याचं. मेळघाटात एका डोंगराच्या कुशीत गव्यांचा कळप आहे. गवा काय असते ते तुले सांगायची गरज नाही. जंगलखातं दरसाल शिकारीसाठी जंगलाचे तुकडे वाटून देते अन् परमिटं काढते. तिथल्या साहेबाचं म्हणणं, त्या डोंगरात साठ-सत्तर गवे आहेत, उन्हाळ्यात पाच मारले तर काय बिघडलं. (हा आकडा साहेबाले कोणी दिला? शिकाऱ्यायनं.) बाईचं म्हणणं, तिथं पंधराही नाहीत, पाच-पाच मारले तर तीन सालात डोंगर रिकामा. दोन साल त्यायनं अर्ज लिहिले. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, ठीक आहे, तुमच्या पोरी घेऊन या, मोजा, आठव्या दिवशी मी स्वतः येऊन जागेवर पाहतो, मले कागद दाखवू नका. पटलं तर डोंगर बंद, नाही पटलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही. म्हणजे बाईचं सारं या एका फेरीवर होतं. त्यात कालेजच्या मुख्यानं अट घातली का सोळा पोरी जंगलात नेता, तर सोबत एक पोक्त सवाशीण पाहिजे. होस्टेलच्या बाईले ऐन वेळी कावीळ झाली. चारुशीलाबाई माह्या दारात येऊन म्हणाल्या, वच्छलाबाई, दहा दिवस नुसतं बसायचं आहे.

नुसतं बसायचं म्हणे. अकोल्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथं सामान उतरवा, पुन्हा चढवा, अमरावतीले आठ पोट्ट्या आणखी घ्या, मंग मोटारीनं परतवाडा, अन् तिथून लाकडं वाहायच्या ट्रकात उभ्यानं. म्या माह्यी कणीक मळायची काथवट बरोबर घेतली होती. बाई म्हणाल्या, एवढं ओझं कशाला? म्या म्हटलं, तुमी कवट्या नेता, मी काथवट नेते. घाटाच्या मधात ट्रक बंद पडला. डायव्हर म्हणे सकाळपर्यंत इथंच बसा. बाईनं होकायंत्र काढलं, नकाशा दगडावर पसरला, पोट्ट्यायची रांग लावली, सगळ्यात पुढं आपण, सगळ्यात मागं शिटी घेऊन एक दांडगी पोट्टी, अन् मले बरोबर मधात, जसं काही मीच पळून जाणार होती. आठ मैल चालवलं. दोनदा मी दगडावर बसली अन् सांगितलं का आता मी उठत नाही, मले इथंच ठेवा. दुसरी कोणी असती तर विनवण्या केल्या असत्या. बाई म्हणाल्या, "बसा. त्या दगडाखाली बहुधा विंचू असतो." मी त्यायच्या पुढं जाऊन चालू लागली.

(त्यायचं एक मात्र खरं. दिवस बुडायच्या आत सोळाच्या सोळा पोट्ट्या जंगलखात्याच्या बंगल्यावर होत्या, एकीच्याही पायाले फोड नव्हता, कारण घंट्या-घंट्यानं सगळ्यायच्या चपला काढून पाय पाहायच्या. माह्ये पण पाह्यले. लग्नाले पस्तीस सालं झाली, माह्ये पाय कोणी पाह्यले नव्हते.)

बाईची मोजायची रीत अशी. गवा उभा राहून स्वतःले मोजू देत नाही, म्हणून त्याचं शेण मोजायचं. चार पायवाटा धरल्या. रोज सकाळी पोट्ट्यायच्या चार टोळ्या निघायच्या. शेण दिसलं का त्याच्याभोवती चुन्याचं रिंगण घालायचं, काडीले नंबराची चिठ्ठी बांधून ती बाजूले रोवायची, वहीत लिहायचं, अन् शेण तिथंच राहू द्यायचं. एक जनावर दिवसातून किती वेळा शेण टाकते ते बाईले पुस्तकातून माहीत, त्यावरून जनावरं किती ते काढायचं. आता हे मले कोणी सांगितलं नाही. बाई म्हणतात पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी पायाले तेल चोळून राहिली होती अन् बाई पोरीयले शिकवत होत्या, ते मी माह्यासाठी काहून धरीन?

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी बाई साऱ्या पोट्ट्यायले घेऊन वरच्या पठारावर दोन दिवसाच्या मुक्कामाले गेल्या. दोर लावून कडा चढायचा होता. माह्या गुडघ्याकडं पाहून मले खाली ठेवलं, बंगल्याचा चौकीदार नत्थुजी अन् त्याची बायको सुंदराबाई यांच्या सोबतीनं. मले वाटलं, पोरी दोन दिवस फुटाणे खाऊन उतरतील, त्यायले रोडगे करून घालू. कणीक होती, वांगी होती, तूप होतं. गोवरी नव्हती. तिथं लाकूड मणानं पडलं आहे, पण लाकडाच्या जाळावर रोडगा वरून करपते अन् आतून कच्चा राहते, हे तुले नाही समजणार, तुह्या बायकोले विचार. बंगल्यावर एक गाय नाही, एक म्हैस नाही. अन् तिकडं चार वाटायवर टोपल्या-टोपल्यानं शेण वाया जाऊन राह्यलं.

सूर्यभान, तूच सांग. म्या काय करावं?

सुंदराबाईनं विचारलं खरं, का या चिठ्ठ्या कायच्या. म्या सांगितलं, पोट्ट्यायचे पाय भरू नये म्हणून बाईनं खुणा केल्या असतील, लय काळजीची बाई आहे. तिले पटलं. मलेही पटलं. दोन दिवसात आमी चारही वाटा अशा लख्ख केल्या का देव यावा अन् चालावं. वाळलेलं होतं ते जसंच्या तसं उचललं, ओलं होतं ते तिथंच थापून बंगल्याच्या भिंतीले लावलं. काड्या मात्र हलवल्या नाही. दुसऱ्याच्या वस्तूले हात लावायची मले सवय नाही.

सातव्या दिवशी सांजच्याले पोट्ट्या उतरल्या. तोंडं काळी, हात खरचटलेले, पण एकेकीचे डोळे असे चमकत होते, जसं काही लंका जाळून आल्या. वाळल्या गोवऱ्यायचा इंगळ केला होता, त्यात रोडगे, बाजूले वांग्याची भाजी. बाई स्वतः चार रोडगे जेवल्या अन् म्हणाल्या, वच्छलाबाई, असे रोडगे मी जन्मात खाल्ले नाहीत. आता वाटते ते खरंच होतं.

आठव्या दिवशी सकाळी साहेब जीपमध्ये आले. टोपी, बूट, हातात छडी. बाईनं वही घेतली, पोट्ट्या मागं, मी त्यायच्या मागं. पहिल्या वाटेवर पहिली काडी आली. साहेबानं वाकून चिठ्ठी वाचली. मंग खाली पाह्यलं. चुन्याचं रिंगण, अन् मधात झाडून काढल्यासारखी जमीन. दुसरी काडी, तेच. तिसरी, तेच. साहेब सरळ उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही मला काड्या दाखवायला बोलावलंत का?"

बाईच्या तोंडावरचं रक्त उतरलं. हातातली वही खाली झाली. त्यायनं एकदा वाटेकडं पाह्यलं, मंग वळून बंगल्याच्या भिंतीकडं पाह्यलं, अन् मंग माह्याकडं. "वच्छलाबाई," एवढंच म्हणाल्या. सासूनं मले पंधरा सालं काय काय म्हटलं ते तुले माहीत आहे, पण त्या एका शब्दानं जसं लागलं तसं कशानं लागलं नाही. साहेबाले त्यायनं माह्यं नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, व्यवस्था ठेवण्यात माझी चूक झाली. अन् साहेब जीपकडं निघाले.

मले राहवलं नाही. मी आडवी गेली. म्हटलं, साहेब, चूक यायची नाही, माह्यी आहे, अन् शेण कुठं पळालं नाही, या, दाखवते. नेलं भिंतीपाशी. बाईच्या वहीत एकशे चार होते. भिंतीवर अन् गोवऱ्यायच्या उडवीत मिळून शहाऐंशी, बाकी अठरा रोडग्यात गेले. साहेब हसले. म्हणाले, याच्यावरून मी काय समजू? अन् तिथं माह्यं डोकं फिरलं. म्हटलं, काय समजू म्हणजे? चाळीस सालं झाली मी रोज पहाटे गोठ्यात जाते. कोणत्या बैलानं काय खाल्लं, कोणती गाय गाभण आहे, कोणाच्या पोटात जंत झाले, हे मले त्यायच्या तोंडाकडं न पाहता समजते. अन् तुमी साहेब होऊन शेण ओळखत नाही?

एकेक उचलून दाखवलं. हे पाहा, एवढालं थोरलं, बांबूचे लांब धागे जसेच्या तसे, म्हणजे दात झिजलेला म्हातारा नर, अन् हे एकाच वाटेवर एकटं सापडायचं, म्हणजे तो कळपाच्या मागून एकटा चालते. हे दोन जवान नर. हे सहा गाईयचं. हे बारीक, पिवळट, हे तीन वासरायचं, अजून दूध पितात. अन् हे पातळ, हिच्या पोटात बिघाड आहे, ही मागं-मागं राहते. किती झाले? बाई बोटावर न मोजता म्हणाल्या, तेरा. त्यायचा वहीतला हिशोब होता बारा ते चौदा. दोघीचं जुळलं. मले तर हिशोब येत नाही, म्हणून मले जास्त आनंद झाला.

साहेब म्हणाले, जनावर दाखवा. बाईनं मुठीत राख घेऊन सोडली, वारा कुठून आहे ते पाह्यलं, अन् दुपारी चारले आमाले पाणवठ्याच्या खालच्या अंगाले झुडपात बसवलं. हालायचं नाही, खोकायचं नाही, तंबाखू नाही. माह्या काचेच्या बांगड्या वाजतील म्हणून बाई म्हणाल्या, काढा. म्या म्हटलं, नवरा जिवंत आहे. मंग त्यायनं आपला रुमाल फाडून दोन्ही हाताले बांधला. दोन घंटे बसली, सूर्यभान. मी. दोन घंटे. डास चावून राह्यले, पायाले मुंग्या आल्या, साहेबाच्या पोटात गुरगुर चालू होती (सकाळपासून रागात जेवले नव्हते), अन् मी गप्प.

मंग बांबू हालले. आधी गाय आली, काळीभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखी. तिच्यामागं एक, मंग एक. वासरं मधात. आपल्या गोठ्यातल्यासारखंच एक वासरू आईच्या पोटाखाली घुसलं अन् तिनं त्याले ढोसलं. शेवटी तो आला. म्हातारा. आपल्या गोठ्याचं दार त्याले पुरलं नसतं, एवढा खांदा. पाण्याजवळ उभा राहून त्यानं पुऱ्या कळपाचं पिणं होऊ दिलं, अन् मंग आपण प्याला. मले काय झालं सांगता येत नाही, डोळ्याले पदर लावावा लागला. माह्या बाजूची पोट्टी माह्या कानाशी मोजत होती. बारा.

वापस येताना साहेब म्हणाले, बाई, एक कमी. म्या म्हटलं, आजारी आहे, मागं राह्यली. साहेब म्हणाले, असं बोलायला काय... अन् तिथं त्यायचा बूट पचकन रुतला. ताजं, पातळ. म्या म्हटलं, ही तेरावी. साहेब बूट घासत म्हणाले, लिहा तेरा. अन् बाईचा अडेलपणा पाहा. म्हणाल्या, नाही साहेब, बारा प्रत्यक्ष पाहिले, एक शेणावरून. तसंच लिहिलं.

साहेबानं डोंगर शिकारीले बंद केला. या सालापासून नवं परमिट नाही. पोट्ट्या नाचल्या. पण मंग ते म्हणाले, एक अडचण आहे. एक परमिट मागच्या महिन्यातच गेलं आहे, एका मोठ्या नराचं. ते माझ्या हातात नाही. ज्याच्या नावावर आहे त्यानं आपण होऊन सही करून परत केलं तरच रद्द होईल, आणि तो माणूस देणार नाही, दर्यापूरकडचा मोठा कास्तकार आहे, हट्टी आहे. अन् खिशातला कागद काढून त्यायनं नाव वाचलं. मी पाणी पिऊन राहिली होती, मले ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्या म्हटलं, देईल. साहेब म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? म्या म्हटलं, शेणावरून.

तर असं सारं झालं. मी कानाले खडा लावला, पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही. गुडघे धरले आहेत, हातावर काट्यायचे ओरखडे आहेत, अन् काथवटीले चीर गेली. लेकरायले माह्ये पापे, माणिकबाईले आशीर्वाद, गाईच्या पाठीवरून माह्या नावानं हात फिरवजो. पत्र जपून ठेव, इकडं-तिकडं वाचून दाखवू नको.

तुही थोरली बहीण,
वच्छला

ता. क. साहेबानं वाचलेलं नाव तुह्यं होतं. हे तुले समजलंच असन, तू एवढा भैताड नाही. परमिटावर एक मोठा नर लिहिला आहे अन् त्या कळपात मोठा नर एकच आहे. त्याले मारला तर उरलेल्या बाराचं काय होईल ते बाई तुले चित्र काढून समजावतील. येत्या शनिवारी त्या स्वतः तुह्याकडं येणार आहेत. त्यायच्याशी वाद घालू नको, हरशील. अन् त्यायले दगडाखालचे विंचू दाखव, खुश होतात.

ता. क. बाईनं सरकारात धाडायच्या कागदावर लिहिलं आहे, "शेणावरून ओळख : सौ. वच्छलाबाई, जठारपेठ." म्या तीनदा वाचून घेतलं. वैशाखात पुन्हा महिनाभर जायचं आहे, अस्वलाचं पाहायले. मी हो म्हटलं. आमच्या घरच्यायले तुह्याकडं धाडीन, भाकर वेळेवर देजो, तूप बेतानं.

ता. क. परमिट तुह्या पेटीत शोधू नको. माह्यी चिठ्ठी पोचली तशी माणिकबाईनं ते होळीच्या दुसऱ्याच दिवशी पापडाच्या डब्यात घालून माह्याकडं धाडलं. याच पाकिटात आहे. मागच्या अंगाले शिसपेनीनं फुली मारली आहे, तिथं सही करून बाईच्या हातात दे. पापड चांगले झाले म्हणून माणिकबाईले सांगजो.